तिसऱ्यांदा विचारणं

आमच्या माळावर 'नको' दोनदा म्हणायचं असतं. कॉफी आली, की नको. पुन्हा आग्रह झाला, की छे छे, आत्ताच घरून पिऊन निघालो. तिसऱ्यांदा किटली वाकली, की माणूस उसासा टाकतो, खडीसाखरेचा खडा दातांत धरतो आणि म्हणतो, "आता एवढं म्हणतेस, तर घोटभर." मग तीन कप पितो. पहिल्याच हाकेला कप पुढे करणारा हावरट, आणि दुसऱ्या नकारावर किटली उचलून नेणारी कद्रू. दोघांचीही नावं रविवारी चर्चच्या भिंतीपाशी निघतात.

लग्नाचंही असंच. क्रेस्टेनला मी दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला त्यानं अकरा महिने लावले. ते अकरा महिने मी कसे काढले, ते माझ्या मेंढ्यांना ठाऊक.

माझा भाऊ टेर्केल हे सगळं माझ्याइतकंच जाणून होता. आईनं आम्हा दोघांना एकाच पेजेच्या भांड्यावर वाढवलं. कुट्टूची घट्ट पेज, मधोमध लोण्याचं तळं, आणि ज्यानं त्यानं आपल्या बाजूनंच खायचं. मी दोन वर्षांनी मोठी. त्याला विणायला मीच शिकवलं. आमच्याकडे बाप्येही विणतात. मेंढ्यांमागे चालताना हात रिकामे ठेवणं पाप. टेर्केल आणि क्रेस्टेन एकाच माळावर मेंढ्या राखायचे, एक विणत पुढे चालायचा, दुसरा विणत मागे, आणि लोकरीचा गुंडा कमरेला. हिवाळ्यात सगळे एका घरात जमून विणायचे, तेव्हा बायका म्हणायच्या:

एक टाका उन्हाचा, एक टाका वाऱ्याचा,
एक टाका माळावरच्या एकट्या त्या ताऱ्याचा,
मोजा झाला पायाचा, पाय गेला दूर,
वाटेवरच्या धुळीला लोकरीचा सूर.

टेर्केलचा पाय खरंच दूर गेला. आधी पाद्रीबाबांची पुस्तकं वाचून, मग कुळांचे अर्ज लिहून देऊन, मग त्या अर्जांपायी जमीनदारांशी भांडून. राजानं राज्यघटना दिली त्या वर्षी आमच्या तालुक्यातूनही एक माणूस राजधानीत पाठवायचा ठरलं. आमच्याकडे मत कागदावर लिहून पेटीत टाकत नाहीत. सराईसमोरच्या पटांगणात लाकडी चौथरा घालतात, उमेदवार वर उभे राहतात, आणि प्रत्येकासाठी खालच्या गर्दीतून एका मतदारानं पुढे येऊन बोलावं लागतं. तो सूचक. सूचक नाही, तर उमेदवारही नाही. मग हात वर होतात. कुणी कुणासाठी हात वर केला ते शेजारी बघतो, सावकार बघतो, सासरा बघतो.

त्या पहिल्या वेळी टेर्केलचा सूचक क्रेस्टेन होता. त्याचं सगळं भाषण मला पाठ आहे. तो म्हणाला, "मी याला ओळखतो. हा काही वाईट माणूस नाही." आणि गर्दीत परतला. आमच्या भागात याहून मोठी स्तुती नाही. हातांचं रान उभं राहिलं.

राजधानीत टेर्केलचं पहिलं भाषण सशांवर झालं. कुळानं लावलेला कोबी ससा खातो, ससा मात्र जमीनदाराचा, म्हणून कुळानं नुसतं बघत बसायचं, हे कुठल्या देवाच्या पुस्तकात लिहिलंय? शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'ससेमंत्री' म्हणून हिणवलं, तो मंत्री व्हायच्या कितीतरी आधी. पण कुळाला ससा मारायची मुभा देणारा कायदा झाला. पुढे तो खरोखरचा मंत्री झाला, रस्ते झाले, शाळा झाल्या. दर निवडणुकीला तो गावी यायचा, क्रेस्टेन तीच दोन वाक्यं बोलायचा, आणि दर शरदात मी एक जाड राखाडी मोज्यांची जोडी राजधानीला पाठवायचे. ते मोजे घालून तो राजासमोर उभा राहतो, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. शेजारच्या मारेनमावशीनं ते ऐकलं तेव्हा म्हणाली, "राजाला आंबट वास आला असेल हो मेंढीचा!"

मग युद्ध आलं.

आमचा मुलगा लाउस्ट तेवीस वर्षांचा होता. एप्रिलमध्ये ड्युब्बोलच्या टेकडीवर गेला. तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला इतरांबरोबर पुरलं, असं त्याच्या सुभेदारानं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. त्याच वर्षी शरदात राजधानीतल्या सभेत तह मान्य करायचा की नाही, यावर मत झालं. दक्षिणेकडचा सगळा मुलूख शत्रूला देऊन टाकायचा होता. टेर्केल उठला आणि म्हणाला, मुलूख गेलेलाच आहे, आता राहिलेली पोरं तरी घरी आणू या. त्यानं हात वर केला. सीमा वर सरकली. लाउस्टची माती पलीकडे राहिली, परक्या देशात.

पाद्रीबाबांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, तेव्हा क्रेस्टेन विणत होता. टाके न मोजता विणत राहिला. मोजा कोपरापर्यंत लांब झाला, तेव्हा मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि उसवला. त्या शरदात मी राजधानीला काही पाठवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

टेर्केलनं मंत्रिपद सोडलं. एका निवडणुकीला तो उभाच राहिला नाही. युद्धानंतरच्या दुसऱ्या वर्षी मेमध्ये, कोकरं चरायला लागली तेव्हा, तो आमच्या दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. पायांत दुकानातले पातळ काळे मोजे होते. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

"ये," मी म्हटलं. "कॉफी घेशील?"

"घेईन की," तो म्हणाला. पहिल्याच हाकेला.

माझा हात किटलीवरच थांबला. चुलीजवळ क्रेस्टेन विणत होता, त्याच्या सुया क्षणभर वाजायच्या राहिल्या. मग पुन्हा वाजायला लागल्या. मी कॉफी ओतली.

"कोकरं चांगली दिसतायत," टेर्केल म्हणाला.

"बरी आहेत," क्रेस्टेन म्हणाला.

"पाऊस?"

"पडतो."

मग टेर्केलनं कप खाली ठेवला. "क्रेस्टेन, मी आडून बोलत नाही. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. राजधानीत मोठे जमीनदार घटना बदलायला निघालेत. वरच्या सभेत आपल्यासारख्यांचा हात चालू नये अशी तजवीज चाललीय. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मिळालेला हात आहे हा. तो जायच्या आत मला तिथं एकदा उभं राहायचंय. माझा सूचक होशील?"

"हुजुरांना सूचकांची काय कमी?" क्रेस्टेन मोज्याकडे बघत म्हणाला. "राजधानीत रांग लागत असेल."

"हुजूर काय म्हणतोस रे मला?"

"मग काय म्हणू? ससेमंत्री?"

टेर्केल हसला नाही. "होशील का, तेवढं सांग."

"नाही."

सुया वाजत राहिल्या. चुलीतली जळाऊ मातीची वीट मोडून आत पडली. टेर्केलनं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "तू का नाही म्हणतोस ते मला कळतं. लाउस्ट माझा भाचा होता. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांत धरलं होतं. तरी विचारतो. माझ्यासाठी बोलशील?"

"नाही," क्रेस्टेन म्हणाला. पण या वेळी त्यानं मान वर केली होती.

माझ्या डोळ्यांसमोर किटली वाकलेली होती. आता फक्त एकदा, टेर्केल. आता फक्त एकदाच.

टेर्केल उठला. त्यानं टोपी घेतली. "ठीक आहे. तुझं उत्तर मला मिळालं. मी मान ठेवतो त्याचा," तो म्हणाला, अगदी शहरी सभ्यपणानं. माझा गाल हातानं थोपटला आणि तो बाहेर पडला. मेंढ्यांच्या वाटेनं सराईकडे जाणारी त्याची पाठ मला खिडकीतून दिसत होती. पाठ वाकलेली होती, पण एकदाही वळली नाही.

मी क्रेस्टेनवर उलटले. "दोनदाच म्हणालास तू!"

"मला मोजता येतं."

"मग?"

"मग काय? तो मोजायचं विसरला." त्यानं सुया टोपलीत खोचल्या. "इतकी वर्षं शहरात राहिलं की नाही म्हणजे नाही होतं, सिड्सेल. तिथं असंच असेल. त्यात त्याची चूक नाही."

"मी पळत जाते. सांगते त्याला."

"सांगून विचारलेलं विचारणं असतं होय?"

हे मात्र खरं होतं. पाहुण्याला 'तिसऱ्यांदा आग्रह कर' असं कुणी शिकवून पाठवलं, तर त्या कॉफीला काय चव? मी एप्रन सोडला, पुन्हा बांधला आणि कोकरांकडे गेले.

महिनाभर टेर्केल सराईत राहिला. त्याला दुसरा सूचक सहज मिळाला असता. पवनचक्कीवाला स्वतः होऊन विचारायला गेला, पण टेर्केलनं त्याला परत पाठवलं म्हणे. मारेनमावशीनं ही बातमी मला कुंपणावरून दिली. "तुझा भाऊ खुळा झालाय गं. म्हणतो, क्रेस्टेन बोलला नाही तर कुणी माझ्यासाठी बोलावं असा मी माणूस नाही. मग घे ना म्हणावं टोपी, जा ना घरी! नुसता बसतो आणि खिडकीतून माळ बघतो."

"जेवतो का?"

"सराईवाली म्हणते, वाढलं की खातो. एकदाही नको म्हणत नाही, बिचारा."

निवडणुकीच्या दिवशी सकाळी क्रेस्टेननं चर्चला घालायचा काळा कोट काढला. मी काही विचारलं नाही. मत द्यायला कोट घालणारे असतातच.

आम्ही बायका पटांगणाच्या दगडी गडग्यामागे उभ्या होतो. हात आमचे नव्हते, पण डोळे होते. चौथऱ्यावर दोघं: शाळामास्तर टॉर्प, तिशीतला, घंटेसारख्या आवाजाचा, आणि आमचा टेर्केल. मध्ये टेबलाशी न्यायाधीशसाहेब. ते पूर्वेकडच्या बेटावरचे, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. चांगले होते, पण घाईचे.

टॉर्पसाठी लोकरीचा व्यापारी बोलला, लांबलचक. मग टॉर्प बोलला. मुलूख कसा राखता आला असता, हातपाय गाळणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो कसा घालवला. गर्दी गुरगुरली. मला त्या पोराचा राग आला नाही. त्याचाही भाऊ गेला होता.

"दुसरे उमेदवार," न्यायाधीश म्हणाले, "यांच्या वतीनं कोण बोलतो?"

वाऱ्यानं चौथऱ्यावरचं निशाण एकदा फडकवलं.

"यांच्या वतीनं कोणी बोलणार आहे का?"

पवनचक्कीवाल्यानं क्रेस्टेनकडे पाहिलं. क्रेस्टेन मधोमध उभा होता, हात कोटाच्या खिशात, नजर समोर. माझ्या शेजारी मारेनमावशी पुटपुटली, "बोल की रे लाकडा."

न्यायाधीशांनी दौतीत लेखणी बुडवली. त्यांच्या बेटावर दोनदा विचारलं की पुरे होत असावं. ते टेर्केलचं नाव खोडायला वाकले, तेव्हा टेर्केल समोर क्रेस्टेनकडेच बघत होता. मला वाटतं, त्याला कोट दिसला असणार. ज्याला नाहीच म्हणायचंय, तो काळा कोट घालून गर्दीत मधोमध येऊन उभा राहत नाही; तो घरी मेंढ्या कातरतो. टेर्केलचं तोंड किंचित उघडलं. लहानपणी विणताना एखादा सुटलेला टाका चार ओळी खाली सापडला, की अगदी असंच उघडायचं.

तो चौथऱ्यावरून खाली उतरायला लागला.

"अहो, उमेदवारानं खाली उतरायचं नसतं!" न्यायाधीश म्हणाले.

"पडलो असं लिहा," टेर्केल म्हणाला, आणि गर्दी हसली. त्याच्यासाठी वाट होत गेली. तो क्रेस्टेनसमोर जाऊन थांबला. टोपी हातात. शहरी भाषा त्यानं वरच सोडली होती, आमच्या माळावरच्या बोलीत, मेंढ्यांमागे बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "क्रेस्टेन. उशीर झाला रे मला. बोलतोस का माझ्यासाठी?"

क्रेस्टेननं आधी जमिनीकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग मोठ्ठा उसासा टाकला, जणू कुणी त्याला चौथ्या कपाचा आग्रह करतंय.

"आता एवढं म्हणतोस," तो म्हणाला, "तर दोन शब्द."

गडग्यामागे मारेनमावशीनं माझा दंड इतका जोरात धरला, की आठवडाभर निळा राहिला.

क्रेस्टेन चौथऱ्याच्या पायरीवर चढला. "मी याला ओळखतो," तो म्हणाला. आणि थांबला. सगळे दुसऱ्या वाक्याची वाट बघत होते, मीही. ते लगेच आलं नाही.

"माझा मुलगा पलीकडे आहे. यानं हात वर केला म्हणून पलीकडे आहे. दोन वर्षं मी या गोष्टीवर विणतोय, अजून टाच वळत नाही. पण यानं हात वर केला नसता, तर मारेनचा धाकटा पलीकडे असता, आणि चक्कीवाल्याचा, आणि तिथं मागे उभा आहे तो सोरेन. तो उभा आहे. मी त्याला बघतोय." त्यानं नाक पुसलं. "मी असतो तर हात वर केला नसता. आणि ते चुकलं असतं. हा काही वाईट माणूस नाही."

तो खाली उतरला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण होतं ते.

मग हात मोजले. टॉर्पचे जास्त भरले. खूप नाही, पण न्यायाधीशांना दुसऱ्यांदा मोजावे लागले नाहीत. टेर्केलसाठी वर झालेल्या हातांत चक्कीवाला होता, सोरेन होता, आणि मारेनमावशीचा धाकटा होता, दोन्ही हात वर करून. त्याला एक खाली करायला सांगावं लागलं. लेखी मोजणी मागता आली असती. टेर्केलनं मागितली नाही. "हात दिसले मला," तो म्हणाला, आणि टॉर्पकडे वळला. "तो घटनेचा मसुदा नीट वाचा, मास्तर. चौथं पान. तिथं ते आपला हात कापतायत. आवाज तुमचा चांगला आहे, तिथं लावा." टॉर्प लाल झाला, पण त्यानं मान हलवली.

अशी माझ्या भावाची कारकीर्द संपली. सशांपासून सुरू झाली, दुपारी बाराच्या सुमारास सराईसमोर संपली.

वाटेवर मारेनमावशी मागून ओरडली, "वाईट वाटून घेऊ नको रे टेर्केल! सशांना मत असतं, तर तू पहिल्यांदाच पडला असतास!"

"खरंय मावशी," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना ऐकलं.

घरी आल्यावर मी किटली ठेवली. "कॉफी?"

"नको गं," टेर्केल म्हणाला.

क्रेस्टेननं मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. हसण्यानं त्याचे खांदे हलत होते. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि टेर्केलनं घोटभर म्हणत तीन कप घेतले. दारातून ऊन आत आलं होतं, चुलीपर्यंत. बाहेर कोकरं आयांना हाका मारत होती.

क्रेस्टेननं विणकाम हातात घेतलं. चार ओळी विणल्या. मग वर न बघता म्हणाला, "कापणी झाली की दक्षिणेकडे जायचंय आम्हाला. सीमेवर कागद दाखवावे लागतात म्हणे. तुला कागदांतलं कळतं. चल आमच्याबरोबर."

टेर्केलचा कप बशीवर वाजला. "नको. मी कशाला?"

"तिकडं हिंडलायस तू. वाट तुला ठाऊक आहे."

"नको रे, क्रेस्टेन. तुम्ही दोघं जा. लाउस्टपुढे मी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

हे 'नको' रीतीचं नव्हतं. ते मला कळलं, क्रेस्टेनलाही कळलं असणार. सुया थांबल्या. खोलीत नुसतं ऊन होतं. क्रेस्टेननं विणकाम मांडीवर ठेवलं, पुढे वाकला, आणि लग्नाचं मला तिसऱ्यांदा विचारलं होतं तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, "टेर्केल. चल."

टेर्केल खाली आपल्या पायांकडे बघत राहिला. मग त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले.

"आता एवढं म्हणतोस," तो म्हणाला. मग पाय पुढे करून म्हणाला, "पण हे मोजे नाही टिकायचे तिथवर."

मी उठले आणि पलंगाखालची पेटी ओढली. झाकण उघडलं, तसा मेंढीचा आंबट उबदार वास खोलीभर झाला. वरच होत्या दोन जोड्या, राखाडी, जाड, न पाठवलेल्या. एक पहिल्या शरदातली, एक दुसऱ्या शरदातली.

टेर्केल दोन्हींकडे बघत राहिला. "कुठली घेऊ?"

"दोन्ही घे," क्रेस्टेन म्हणाला. "लांब आहे."